उणे ऐंशीची खोली

विद्यापीठाच्या फाटकावर ‘शाश्वत भविष्य इथे घडते’ अशी भलीमोठी पाटी लागली, तेव्हा बाई रस्त्यातच थांबून हसल्या. “भविष्य घडतंय म्हणे, आणि ते शिकवायला खोली नाही!” फाटकावरचा पहारेकरीही हसला. बाईंचं बोलणं त्याच्या सवयीचं होतं.

बाई पर्यावरण शिकवायच्या. वडील फ्रीज दुरुस्त करायचे. शाळा सुटली की बाई त्यांच्या दुकानात, कॉम्प्रेसरच्या घरघरीत बसून गृहपाठ करायच्या. तेव्हापासून एखादं यंत्र उगाच चालू दिसलं की तळपायाची आग मस्तकात. नवरा चिडवायचा, “आपला फ्रीज तेवढा चालू ठेव हं, दूध नासेल.”

“तू दार उघडं टाकून आत काय शोधत उभा असतोस, ते आधी सांग!”

या बाईंनी समित्यांशी भांडून भांडून एक नवा अभ्यासक्रम मंजूर करून घेतला. आपलंच विद्यापीठ वीज किती खातं, पाणी किती सांडतं, हे मुलांनी मोजायचं आणि कमी करून दाखवायचं. हारतुरे झाले, फोटो झाले. मग विभागप्रमुखांनी हळूच पिल्लू सोडलं. “मॅडम, प्रात्यक्षिकांना जागा कुठाय? सत्र सुरू होईपर्यंत नाही मिळाली, तर पुढच्या वर्षी बघू.”

पुढच्या वर्षी म्हणजे कधीच नाही. एवढं कळायला पदवी लागत नाही.

जागा होती. तळमजल्यावरची ऐसपैस खोली, आणि तिच्यात फ्रीजरांची रांग. उणे ऐंशी अंशांवर चालणारी ती धुडं, एकेक एका घराइतकी वीज गिळणारं. आत नमुने रक्ताचे, पानांचे, जंतूंचे. ठेवणारे निम्मेअधिक कधीच शिकून पांगलेले. पण फेकायचं म्हटलं की प्रत्येकाचं एकच, “अहो, लागले तर?”

“रिकामी करा नि घ्या,” विभागप्रमुख म्हणाले. “फक्त मालकाला विचारल्याशिवाय एक कुपीही हलवायची नाही.” बाई हात टेकतील असा त्यांचा होरा होता.

बाईंनी परिपत्रक काढलं नाही. परिपत्रकानं कधी कोणाचं काय हललंय? जाड हातमोजे चढवून त्या प्रयोगशाळांच्या दारात उभ्या राहू लागल्या. “चला, तुमचा कप्पा माझ्यासमोर उघडा. ओळखलं ते तुमचं, नाही ओळखलं ते कचऱ्याचं.” बर्फ खरवडला तर निम्म्या कुप्यांवरची शाई उडालेली. एका डॉक्टरसाहेबांच्या कप्प्यात आइस्क्रीमचा डबा निघाला.

“हा कुठला जंतू?” बाईंनी विचारलं.

“तो… वाढदिवसाचा,” साहेब म्हणाले आणि मुकाट्यानं सगळा कप्पा रिकामा करून गेले.

फ्रीजर बंद होत गेले. उरला एक. त्याला हात लावायची कोणाची छाती नव्हती, कारण तो बाईंच्याच गुरूंचा होता. सर निवृत्त झाले होते. आत नदीच्या तळाचा गाळ, त्यांनी उभी हयात पाण्यात उतरून गोळा केलेला.

बाई थेट त्यांच्या घरी गेल्या. सरांनी दार उघडलं. “आलीस? घर बांधायला माझंच घर पाडायचंय ना तुला?”

“पाडायचं नाही सर. वाळवायचंय.”

“काय?”

“शिसं, जस्त, कॅडमियम तपासायला थंडी कशाला हवी? गाळ वाळवून बरणीत भरला तर भिंतीवरच्या फळीवर राहील. तुम्हीच शिकवलंत.”

“आणि पारा? वाळवलास तर उडून जाईल, अक्कल आहे का?”

“आहे. पाऱ्याचे तेवढे बाजूला काढू. वरच्या प्रयोगशाळेतल्या फ्रीजरच्या एका कप्प्यात मावतील.”

सर चष्मा पुसत म्हणाले, “मला ठाऊक नव्हतं होय गं हे? पण वाळवायचं म्हणजे बाहेर काढायचं. बाहेर काढून पुढे तपासणार कोण? आत होतं तोवर निदान वाटायचं, कोणीतरी येईल.”

बाईंचा आवाज चढला. “आले की! वर्गभर पोरं आलीत. त्यांना नदीचा सगळा जन्म हातात मिळेल, असा गाळ दुसऱ्या कोणाकडे आहे? पण कुठला कुठून आणला ते तुमच्याशिवाय कोण सांगणार? या आणि शिकवा. की घरी बसून कुढायचंय?”

“तोंड अजून तेवढंच आहे तुझं,” सर म्हणाले आणि चपला शोधू लागले.

सत्राच्या पहिल्या दिवशी खोलीत बाकं आली नव्हती. पोरं जमिनीवर ट्रे मांडून गाळ पसरत होती आणि सर त्यांच्यात वाकून ओरडत होते, “चिखल नाहीये तो, नदीचा एकेक घाट आहे! पुलाच्या वरचा वेगळा, खालचा वेगळा. मिसळलास तर बघ!” बाई मध्येच काही सांगायला गेल्या.

“तू बाहेर जा,” सर म्हणाले. “तास माझा आहे.”

पहिल्याच दिवशी आपल्याच वर्गातून हाकललेल्या बाई व्हरांड्यात आल्या, तर समोर विभागप्रमुख. “मिळाली ना मॅडम खोली? आता खूश?”

“खूश आहे,” बाई शेजारच्या बंद दाराचं कुलूप हलवून बघत म्हणाल्या. “हिच्यात काय भरलंय?”