त्या दिवशी शिकवणी सुटली नाही

कुणी प्रश्न विचारला की आमचे मास्तरसाब डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवत आणि म्हणत, “सवाल बराबर हाय.” मग तो सवाल कितीही बावळट असो! पूर्णा गोदावरीला मिळाल्यावर तिचं पाणी ओळखायचं कसं? बादशहा मेला की त्याची पोरं आपसात काहून भांडायची? शून्यानं गुणलं की एवढा मोठा आकडा जातो कुठं? मी तर रोज काहीतरी उकरून काढायचीच.

शिरड शहापुरात त्यांच्या ओसरीवर आमची शिकवणी भरे. गणित, भूगोल, उर्दू, सगळं एकाच सतरंजीवर. अपूर्णांक शिकवताना ते भाकरीचे तुकडे करत आणि उत्तर बरोबर आलं की तुकडा खायला देत. आमच्यातला खादाड गंग्या त्यामुळंच गणितात हुशार निघाला.

मग निजामाचं राज्य गेलं. रझाकारांवरचा राग लोक दिसेल त्या मुसलमानावर काढू लागले. मास्तरसाबांनी कुणाचं वाकडं केलं नव्हतं, पण ते ऐकतो कोण? बाहेरगावचं एक टोळकं आमच्या गावाकडं येत असल्याची कुणकुण लागली, तशी मायनं माझ्या हातात दप्तर कोंबलं.

“समद्या पोरांना घेऊन शिकवणीला जा. मी बलावल्याबिगर उठायचं न्हाई.”

“आन् शिकवणी सुटली तर?”

“सुटू देऊ नको. रोज डोकं खातीस ना त्यांचं? आज खा.”

ओसरीवर आम्ही दाटीवाटीनं बसलो. आतल्या दाराला कडी होती. मास्तरसाबांची बायको पोरांना घेऊन आत बसली होती. “आज काहून आले रे? घरी जावा,” ते म्हणाले. मी लगेच विचारलं, “पृथ्वी फिरती, तर आपण पडत काहून न्हाई?” उमगलं त्यांना. टोपी काढली आणि सांगायला लागले.

तेवढ्यात अंगणात माणसं शिरली. हातात काठ्या, कुऱ्हाडी. मास्तरसाबांची बोबडीच वळली.

“मास्तरसाब, सात सक्कं किती?” गंग्यानं विचारलं. मेल्याला तीसपर्यंत पाढे पाठ होते!

“बेचाळीस,” मास्तरसाब कसेबसे म्हणाले.

मग आम्ही सगळेच तुटून पडलो. समुद्र खारा काहून? वाफ कुठं जाती?

“ए पोरांनो, उठा!” पुढचा माणूस खेकसला.

“आमची शिकवणी सुटली न्हाई,” मी म्हणाले. रडत होते, पण म्हणाले.

मागून मायचा आवाज आला. गावातल्या बाया तिच्यासोबत अंगणात येऊन उभ्या होत्या. “लेकरं शिकून राहिलीत. दिसत न्हाई व्हय?” ती म्हणाली. आपल्याच लेकीला तिनं काठ्यांपुढं बसवलं होतं, हे आज आठवलं तरी माझ्या अंगावर काटा येतो.

ती माणसं शिव्या देत निघून गेली. तरी आम्ही विचारतच राहिलो आणि मास्तरसाब सांगतच राहिले. थांबायचं धाडस कुणालाच होईना.

आठवडाभरातच मास्तरसाब बायकोपोरांना घेऊन दूर नातेवाइकांकडं निघून गेले. माय वेशीपर्यंत पोचवायला गेली. परत आल्यावर चुलीपुढं बसून ढसाढसा रडली. मला मात्र भयंकर राग आला. त्या माणसांचा, गावाचा, आणि गेले म्हणून मास्तरसाबांचासुद्धा.

पुढं शाळेत नवे गुरुजी आले. माणूस चांगला होता बिचारा. पहिला धडा संपवून त्यांनी विचारलं, “कुणाला काही विचारायचंय का?”

आम्ही सगळे गप्प. गुरुजींना वाटलं, पोरांना सगळं समजलं.