केमोकाइनची कापलेली शेपटी

शुक्रवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी वहिनी हातात कात्री घेऊन एका प्रथिनाभोवती फिरत होत्या. प्रथिन माणसाच्या उंचीचं, फोम भरलेलं, शिवणाच्या टेबलावर उताणं पडलेलं. टेबलाखाली त्यांचे दीर घोरत होते.

वहिनी म्हणजे अख्ख्या गल्लीच्या वहिनी. जाहिरातवाल्यांसाठी त्या माणसाला आत शिरता येईल असे पोशाख शिवतात. टोमॅटो शिवून झाला, बॅटरी झाली, दाढ झाली. त्या दाढेत शिरून दीर एका दातांच्या दवाखान्यासमोर उभे राहत. दवाखाना बंद पडला, दाढ फडताळावर गेली आणि दीर दोन दिवसांसाठी म्हणून शिवणखोलीत आले. त्याला आता आठ महिने झालेत. पाय लांब करून बसायची वहिनींची जागा गेली, आणि पायडलखाली अधूनमधून कुणाचा तरी अंगठा सापडू लागला.

त्यामुळे विज्ञान केंद्राचं काम आलं तेव्हा वहिनींनी भावात घासाघीस केली नाही. पोशाख पसंत पडला तर तो घालणारा माणूस केंद्र कायमचा ठेवणार होतं, आणि नोकरी लागली की दीर केंद्रामागच्या एका खोलीत राहायला जाणार होते. खोली दिरांनी पाहून ठेवली होती. वहिनी तर ती झाडूनही आल्या होत्या.

आराखडा केंद्रातल्या संशोधक बाईंचा. केमोकाइन हे इवलंसं प्रथिन. कुठे जखम झाली, जंतू शिरले, की तिथल्या पेशी ते सोडतात. त्याचा माग काढत पांढऱ्या पेशी तिथे जमतात. ती जागा सुजते, लाल होते. वहिनींनी ते असं उतरवलं: पोटावर शेजारी शेजारी तीन चपट्या पट्ट्या, पाठीवर आडवा, पिळाचा लोड. खऱ्या प्रथिनात गंधकाच्या दोन जोडण्या सगळं जागच्या जागी धरतात, म्हणून इथे दोन पिवळी टिचबटणं. लोडाला वेल्क्रो, कारण हा भाग रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून राहतो. आणि हनुवटीखालून लोंबणारी, कशालाच न बांधलेली एक ढिली शेपटी.

शेपटी वहिनींनी शिवली, पण त्यांना ती पटली नव्हती. काही लोंबताना दिसलं की त्यांचे हात शिवशिवतात. टेबलावरून कुठलीही वस्तू दोरे कापल्याशिवाय जात नाही. बुधवारी शेवटचा हात फिरवताना त्यांनी शेपटी कापली, भोक शिवून टाकलं, आणि आता कसं नीट दिसतंय असं म्हणून चहा टाकला.

अकरा वाजता केंद्रात चाचणी झाली. लाल गालिचाची भिंत म्हणजे रक्तवाहिनी. दीर तिला पाठ लावून उभे राहिले आणि चर्रकन चिकटले. पांढरे झगे घातलेली शाळेतली मुलं पांढऱ्या पेशी होऊन धावत आली. प्रत्येकाच्या झग्याला एक खोल खिसा, खिशात घंटा. मुलांनी दिरांना गाठलं, मिठ्या मारल्या, खिसे पुढे केले. घंटा काही वाजेना. मागची मुलं पुढच्यांवर रेलली. दीर हसतमुखाने उभे होते.

बाईंनी दिरांच्या हनुवटीखाली हात फिरवला आणि शेपटीची चौकशी केली. वहिनींनी ती जास्तीची वाटल्याचं सांगितलं.

“तीच तर किल्ली आहे,” बाई म्हणाल्या. “खिसा म्हणजे पेशीचं दार. बाकीचं अंग ते फक्त ओळखतं. शेपटी आत गेली तरच पेशी कामाला लागते. शेपटी नसली की हा दाराशी चिकटून बसतो, स्वतः काही करत नाही आणि दुसऱ्यालाही येऊ देत नाही.”

“असा एक माझ्याकडे आठ महिने आहे,” वहिनी म्हणाल्या.

संचालक पोशाख पाहायला चारला येणार होते. नवीन शेपटी करायची तर कापड संपलेलं, नवं यायला आठवडा. तोवर संचालक परगावी. कापलेला तुकडा चिंध्यांच्या पोत्यात टाकल्याचं वहिनींना आठवत होतं, आणि पोतं कालच गेलं होतं. दिरांना विचारलं तर ते छताकडे पाहू लागले.

मग वहिनींच्या ध्यानात आलं, की टेबलाखाली मान अवघडते ही रोज सकाळची रड गुरुवारी ऐकू आली नव्हती. आजही नव्हती.

“भाऊजी, उशीच्या खोळीत काय आहे?”

दिरांनी पळायचा प्रयत्न केला, पण वेल्क्रो वहिनींनी दुहेरी शिलाईने लावलेलं होतं. “वहिनी, मानेला सवय झालीय हो तिची,” ते भिंतीवरूनच म्हणाले.

अर्ध्या तासात वहिनी घरून परत आल्या. शेपटीला खोबरेल तेलाचा वास लागला होता आणि मधोमध डोक्याचा खळगा पडला होता. दिरांना भिंतीवरून न सोडवताच त्यांनी ती टाचली. हनुवटी वर ठेवायला सांगितलं, दोनदा सुई टोचली आणि एकदाच माफी मागितली. चारला संचालकांसमोर पहिल्या मुलाने शेपटी खिशात घातली. घंटा वाजली. मग सगळ्यांच्याच वाजल्या, आणि दिरांना नोकरी लागल्याचं संचालकांना ओरडून सांगावं लागलं. संध्याकाळी दिरांची पथारी मागच्या खोलीत गेली.

उद्या शनिवार. केंद्र दहाला उघडतं. दीर साडेनऊला भिंतीला चिकटतील आणि एकच्या सुट्टीत त्यांना सोडवलं जाईल. शिवणखोली सहालाच उघडेल, आणि आधी टेबलाखालून झाडू फिरेल.