विहीणबाईंची मंजुरी

करिष्माचे वडील, लटारू सुतार, दार बसवून झालं की घरमालकाच्या तोंडाकडे नाही, हाताकडे बघायचे. मालकानं दार एकदाच उघडून लावलं, तर पटलं. "छान हाय, छान हाय" म्हणत पुन्हा उघडलं, तर रंधा पिशवीतून परत बाहेर काढायचे.

लेकीनं नागपुरात इंटेरियरचा कोर्स केला, चंद्रपुरात ऑफिस टाकलं, घराची चित्रं लॅपटॉपवर गोल गोल फिरवून दाखवायला लागली. पण गिऱ्हाईक ओळखायची विद्या बापाचीच. कारण इकडच्या झाडीपट्टीतलं गिऱ्हाईक तोंडावर नाही म्हणत नाही. ते चहा पाजतं आणि म्हणतं, "पाहू ना."

आजवर तिनं मेडिकल स्टोअरची रॅकं आणि दवाखान्यांची काउंटरं केली होती. सिंदेवाहीचे राईस मिलवाले श्रीहरीभाऊ हा तिचा पहिला बंगला. इटालियन मार्बल, झुंबर, उघडं स्वयंपाकघर, सगळं हवं होतं त्यांना. अट एकच: "माय हो म्हणन, तवाच सुतार लावा."

आणि माय, म्हणजे गुणाबाई, काही केल्या हो म्हणेनात. नाहीही म्हणेनात. करिष्मानं तीनदा डिझाइन बदललं. गुणाबाई प्रत्येक वेळी चित्र शांतपणे बघत, बशीतला चहा संपवत आणि म्हणत, "तुमाले पटन तसं करा, म्याडम." हाताकडे बघावं, तर हात पदराखाली.

मग श्रीहरीभाऊंचा फोन आला. "करिष्माताई, मंडईले पाव्हणे येतीन, त्याच्या आंधी घर पायजे. अन माय तं काई बोलूनच नाई राह्यली. घरवाली साधना म्हणते, नागपूरवाल्या डिझायनरले बलावून पाहू एकखेप."

मंडई म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा: रातभर नाटक, घरभर पाव्हणे. पण करिष्माच्या कानात अडकलं ते 'पाहू'. हा बंगला गेला, तर पुन्हा मेडिकलची रॅकं.

दुसऱ्या दिवशी ती लॅपटॉप न घेता आली. आली ती चुन्याची फक्की घेऊन. बांधून तयार, पण रिकाम्या घरात तिनं कबड्डीच्या मैदानासारख्या रेषा मारल्या. हा सोफा, हा स्वयंपाकाचा ओटा, ही मागची गुणाबाईंची खोली.

"आज चित्र नाही. आज तालीम," ती म्हणाली. "मंडईचा दिवस आहे. साधनावहिनी, तुम्ही स्वयंपाकघरात. भाऊ, तुम्ही सोफ्यावर."

"अन मी?" गुणाबाई म्हणाल्या. "मी आपली बसतो कोनाड्यात."

"तुम्ही गुणाबाई नाहीच आज. तुम्ही वडस्याच्या कुंताबाई."

कुंताबाई म्हणजे गुणाबाईंच्या लेकीची सासू. भाजीत मीठ कमी पडलं, तर ती बातमी दोन तालुक्यांत पोचवणारी विहीण.

गुणाबाईंचे डोळे चमकले. पदराखालून हात बाहेर आले. त्या उठून फाटकापर्यंत गेल्या आणि परतल्या, तेव्हा कमरेचा वाक गायब होता, हनुवटी वर होती.

"अव्वा! पाय धुवाले पाणी नाई? डायरेक्ट मारबलवर?" त्यांनी चुन्याच्या सोफ्याकडे बोट केलं. "अन हा पांढरा? याच्यावर बसाचं, का याची पूजा कराची?"

साधना तोंडाला पदर लावून हसली.

"तू काऊन हासतं व? सैपाकघराले दार नाई तुह्या. भाजीत किती तेल टाकतं, थे मले इथूनच दिसून राह्यलं!"

साधनानं चुन्याच्या ओट्याआड चक्क वाकून लपायला बघितलं.

"अन रातभर नाटक पाहून आलेले पाव्हणे लेटतीन कुठी? झुंबरले लटकून?"

श्रीहरीभाऊ पोट धरून हसत होते. तेवढ्यात विहीणबाई मागच्या खोलीच्या रेषेपाशी थबकल्या.

ही खोली करिष्माची लाडकी. आवाज नाही, लगत बाथरूम, भिंतीला धरायला दांडी. म्हाताऱ्या माणसाला आणखी काय हवं?

"हे कोनाची?"

"गुणाबाईंची," करिष्मा म्हणाली.

"इतक्या मांगं? फाटकातून कोन आलं, कोन गेलं, थिले कसं दिसन? का लुगडंवाली बाई शोभत नाई या मारबलले?"

हसू थांबलं. श्रीहरीभाऊ उठले. "माय, तसं नाई व..."

"मी कोनाची माय? मी कुंताबाई!"

करिष्मानं पायानंच मागच्या खोलीची रेष पुसली. फाटकाकडच्या खिडकीपाशी नवी मारली. बाथरूम आणि दांडीसकट. दाराशी नळ आला. स्वयंपाकघराला सरकतं दार आलं. हॉलमध्ये भिंतीलगत रुंद सागवानी बैठक, वीस पाव्हणे आडवे होतील अशी. पांढरा सोफा साधनाच्या खोलीत गेला. झुंबर मात्र करिष्मानं हटू दिलं नाही. भाऊंचा पडलेला चेहरा बघवेना.

"मग गुणाबाई, आता हो म्हणा."

हात पदराखाली गेले. "मी काय सांगू? तुमाले पटन तसं."

"आणि कुंताबाई?"

"थिले पटलं म्हणाव," गुणाबाई गालात हसत म्हणाल्या. "लावा सुतार."

मंडईला खऱ्या कुंताबाई आल्या. नळावर पाय धुतले, बैठकीवर टेकल्या, मान वळवून सगळं न्याहाळलं. मग स्वयंपाकघराचं दार सरकवून पाहिलं. एकदा. लावलं. पुन्हा हात लावला नाही. कोपऱ्यात उभ्या करिष्मानं मनातल्या मनात बापाचा रंधा पिशवीत टाकला.

गुणाबाईंनी मात्र तिला कोपरानं ढोसलं. "हे तं काई बोलूनच नाई राह्यली व! बिमार हाय का काय? एकांदी खोट ठेवाची होती ना, पोरी!"

चहानंतर कुंताबाईंनी करिष्माला हळूच फाटकापाशी नेलं. "आमचंबी घर असंच कराचं हाय, म्याडम. पन हिच्याहून जरा वरचढ."

"नक्की. कसं हवं तुम्हाला?"

कुंताबाईंचे हात पदराखाली गेले. "मी काय सांगू? तुमाले पटन तसं."

करिष्मानं जवळची प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि त्यांना बसवलं.

"असं करा बाई," ती म्हणाली, "घडीभर तुम्ही गुणाबाई व्हा."