पालथा पुरलेला माणूस

माझ्या पायाला लहानपणापासून भिंगरी आहे. धंदा निवडला तोही तसलाच: जमीन उकरायची, काय सापडलं ते लिहून ठेवायचं, की बिऱ्हाड पाठीवर टाकून पुढच्या गावी. पुण्यात आर्किऑलॉजी शिकलो, इंग्लंडला येऊन आणखी एक डिग्री घेतली आणि दोन हजार पाचच्या सुमारास कॉव्हेंट्रीत एका छोट्या कंपनीत चिकटलो. इथे नवी इमारत उठण्याआधी खाली काय दडलंय ते पुष्कळदा आमच्यासारख्यांना बघू द्यावं लागतं. लोकांना वाटतं आम्ही सोन्याचे हंडे काढतो. आम्ही चिखल काढतो. गुडघे चौतिसाव्या वर्षीच कुरकुरायला लागले होते, आणि घरी कुरकुर ऐकायला कोणी नव्हतं.

त्या मार्चमध्ये शहराबाहेर एका गोदामाच्या जागेवर रोमन काळातलं कब्रस्तान लागलं. बाकीचे सगळे पाठीवर शहाण्यासारखे निजलेले. एकच जण हद्दीच्या खंदकापलीकडे, एकटा, पालथा. पाठीवर तीन मोठे दगड, घसरून आलेले नव्हेत, निवडून ठेवलेले. मुठीत शिशाची दुमडलेली पट्टी आणि तिच्यावर कोरलेली ग्रीक अक्षरं. आमची सुपरवायझर बाई, सिगारेटशिवाय विचार न करणारी, वाकून बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "याला कोणीतरी भयंकर घाबरत होतं." पट्टीवरचं पुढे एका तज्ज्ञ बाईंनी वाचून दिलं: 'इथेच राहा.' बस, एवढंच.

दगड मी उचलले. तिसरा उचलताना तोल गेला आणि माझा गुडघा त्याच्या खांद्याच्या हाडाला लागला. आता, कोणाला पाय लागला की आपला हात आपोआप छातीशी जातो, त्याला काही इलाज नाही. मी हात लावून नमस्कार केला आणि पुटपुटलो, "सॉरी हं, लागलं का?" सुपरवायझर बाई खो-खो हसली. "हाडांना विचारतोयस?"

हाडं धुतली, वाळवली, नंबर घालून पुठ्ठ्याच्या खोक्यात स्टोअरला गेली. त्या शनिवारी दुपारी मी कपडे मशीनला लावून वळलो तर स्वयंपाकघरात हा दत्त म्हणून उभा. कुरळे केस, केसांत ओली माती, वय माझ्याएवढंच. मी "आयला!" म्हणून ओरडलो आणि हातातली पावडर सांडली. तो गरगर फिरणाऱ्या मशीनकडे बघत होता. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "हो. लागलं."

तो कुठल्या भाषेत बोलायचा ते मला आजही सांगता येणार नाही. ओठ त्याच्या भाषेत हलायचे, अर्थ मला मराठीत पोचायचा. विश्वास ठेवा असा आग्रह नाही, झालं ते सांगतोय. "इतक्या वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं," तो म्हणाला. मी घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू? पण कोणीतरी आपल्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायला एवढ्या लांबून आलंय म्हटल्यावर त्याला हाकलायचं कसं? मी चहा टाकला. दोन कप.

मग तो राहिलाच. साइटवरून चारला परतलो की कुलूप उघडतानाच ओल्या मातीचा वास यायचा आणि माझा जीव भांड्यात पडायचा. त्याचे हात गार आणि कोरडे होते. तो चहा प्यायचा नाही, कप नुसता धरून बसायचा. मीही त्याच्यासमोर बसायचो, मी, ज्याला दोन मिनिटं एका जागी बसवत नाही! एप्रिल उलटता उलटता मी त्याच्या प्रेमात पडलो. आडवळणाने सांगण्यात अर्थ नाही. असं सुख मला आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होतं, तेही अशा माणसाकडून ज्याचा सांगाडा मी स्वतः टूथब्रशने धुतला होता.

झोपायचा मात्र पालथा. हात लावून उताणा करायला गेलो की दगडासारखा घट्ट. एका संध्याकाळी मागच्या पायरीवर बसून त्याने सगळं सांगितलं. तो वैद्य होता, समुद्रापलीकडून आलेला. ज्या श्रीमंत घरी चाकरीला होता त्या घरच्या मालकाचं आणि त्याचं चार वर्षं जमलं होतं. मग मालकाचं लग्न ठरलं. होणारा सासरा जेवायला आला, याच्याकडे बोट दाखवून त्याने विचारलं, "हा कोण?" मालक म्हणाला, "कोणी नाही." त्याच आठवड्यात त्याने याला गुदमरवून मारलं आणि पालथा पुरला. का, तर परत यायला उकरायला लागलाच तर आणखी खोल जावा.

"मारल्याचं नाही एवढं," तो म्हणाला. "त्या दोन शब्दांचा सूड हवाय."

"अरे, पण तो गेला, त्याचा सासरा गेला, त्यांचं राज्यसुद्धा गेलं. आता सूड उगवणार कोणावर?"

"माझ्या माणसांत जो कोणी ते परत म्हणेल त्याच्यावर."

मी हसलो. म्हटलं, मग काय, मी सुरक्षित आहे.

जुलैत एका रविवारी दुपारी तो माझ्या शेजारी चक्क उताणा झोपला, तोंड उघडं टाकून. मी हललोसुद्धा नाही. हाताला मुंग्या आल्या तरी हललो नाही.

ऑगस्टमध्ये आई आली. बाबा जाऊन सहा वर्षं झाली होती, ती शाळेतून रिटायर झाली होती आणि इंग्लंड बघायचं तिच्या मनात होतं. बॅगेत भाजणी, गोडा मसाला, आमसुलं आणि तळाशी पाकिटात एक फोटो. लेस्टरची मुलगी, इथेच जन्मलेली, डेंटिस्ट. "नुसतं बघायला काय जातंय?" आई म्हणाली. मी म्हटलं, बघू. चौतीस वर्षं मी आईला 'बघू' म्हणत आलोय, त्यात काय नवीन?

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आलो, नेहमीसारखा चहा केला. आई दुपारची झोप काढून उठून आली. टेबलावर दोन कप. एक अर्धा प्यालेला, एक भरलेला.

"कोण आलं होतं रे?"

तो तिच्या मागेच उभा होता, फ्रिजला टेकून. आईला तो दिसत नव्हता. मला दिसत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर काय होतं तेही दिसत होतं. 'मित्र' म्हणालो असतो तरी चाललं असतं. पण जीभ सरावाची, सवयीनेच वळली.

"कोणी नाही," मी म्हणालो.

त्या संध्याकाळपासून आईला धाप लागायला लागली. आधी जिना चढताना, मग नुसतं बसल्या जागी. जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे नेलं, हॉस्पिटलात एक्स-रे काढला, रक्त तपासलं. सगळं नॉर्मल. एक इन्हेलर हातात ठेवला. आई इन्हेलर ओढायची आणि म्हणायची, "छातीत नाही रे दुखत. पाठीवर कोणी दगड ठेवल्यासारखं होतं. मोजून तीन." दगडांबद्दल मी तिला कधी सांगितलं नव्हतं.

बाथरूमचा नळ सोडून मी त्याच्याशी भांडलो. तळपायाची आग मस्तकाला गेली होती. "लाज नाही वाटत? तुझं भांडण माझ्याशी आहे, तिच्या वाटेला कशाला जातोस?"

"मी तिला हात लावलेला नाही," तो म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने, त्याचाच जास्त राग आला. "ते ओझं तू ठेवलंस तिच्यावर. तुलाच काढावं लागेल."

काढायचं म्हणजे आईला सांगायचं. दुसरा उपायच नव्हता, आणि तोंड उघडेना. सकाळी ठरवायचो, आज सांगू. दुपारी म्हणायचो, तिला आधी बरं वाटू दे. स्वतःलाच शेंड्या लावत होतो. बाबा गेल्यावर तिला मी एकटाच उरलो होतो. सांगितलं तर ती तुटेल असं वाटायचं, आणि न सांगावं तर ती डोळ्यांदेखत गुदमरत होती. साइटवर दर तासाला फोन करायचो, घरी खोल्यांमधून येरझारा घालायचो. आई म्हणायची, "अरे, एका जागी बस की, मला बघूनच दम लागतोय." आणखी एक भीती होती, ती मी मनातही धड म्हणत नव्हतो. त्याला हवं ते मिळालं, तर मग तो कशाला थांबेल?

असे पाच-सहा आठवडे गेले. सर्वपित्री अमावास्या आली. आईने ऐकलंच नाही. धापा टाकत खीर केली, वडे तळले, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी. अळू मिळालं नाही म्हणून पालकावर भागवलं. मधेमधे स्टुलावर बसायची, पुन्हा उठायची. लेस्टरला मुलगी बघायला जायचं त्याच आठवड्यातल्या रविवारी ठरलं होतं. भर दुपारी मी पान नेऊन शेडच्या छपरावर ठेवलं आणि आम्ही दोघं मागच्या अंगणात कावळ्याची वाट बघत उभे राहिलो.

कावळे कॉव्हेंट्रीत चिक्कार. एक तर कुंपणावरच बसला होता. एरवी कचऱ्याची पिशवी फाडून खाणारा हा प्राणी, वड्याकडे बघायला तयार नाही.

आईने हात जोडले. "अहो, काही राहिलंय का? मी औषधं घेतेय वेळेवर. याचं तब्येतीकडे लक्ष आहे." कावळा ढिम्म. "लग्नाचंच ना? रविवारी मुलगी बघतोय आपण. वैशाखात बार उडवू, माझा शब्द!"

कावळा उडाला आणि शेजारच्या एरियलवर जाऊन बसला. आई रिसायकलिंगचा डबा उपडा करून त्यावर मटकन बसली. ओठ निळसर पडले होते. तरी म्हणत होती, "यांचं काहीतरी अडलंय रे. काय अडलंय?"

तो शेडच्या दाराशी उभा होता. मला वाटलं होतं सूड घेणाऱ्याचा चेहरा खुनशी असेल. तसं काही नव्हतं. तो माझ्याकडे असा बघत होता, जसा त्या जेवणाच्या वेळी मालकाकडे बघत असेल, उत्तराची वाट बघत. कावळा शिवला की माणूस सुटतो, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी बोललो तर आई वाचणार आणि हा जाणार. गप्प राहिलो तर हा राहील, आणि मी त्या मालकासारखा होईन.

"आई," मी म्हणालो, "बाबांचं काही अडलेलं नाही. माझं अडलंय. तू विचारलं होतंस ना, कोण आलं होतं? तो तिथे उभा आहे, शेडपाशी. तो मेलेला आहे. पण तो माझा माणूस आहे. माझं त्याच्यावर प्रेम आहे, बायकोवर करतात तसं. लेस्टरच्या काय, मी कुठल्याच मुलीशी लग्न करणार नाही. मला पुरुषच आवडतात, पहिल्यापासून. मी तुझ्याशी खोटं बोललो."

आईने शेडकडे बघितलं. मग खोल श्वास घेतला, पूर्ण, पोटापर्यंत. कित्येक आठवड्यांत असा श्वास मी ऐकला नव्हता. दुसरा घेतला. ओठांवर रंग आला.

तो हसला. मी "थांब" म्हणालो, मोठ्याने, आईसमोर. कावळा एरियलवरून खाली आला, वडा उचलून उडाला. शेडच्या दाराशी कोणी नव्हतं.

आई उठली, डबा सरळ केला.

"गेला?"

"हो."

ती आत गेली. मी मागोमाग. मला वाटलं आता बॅग भरेल, नाहीतर रडेल, नाहीतर बोलणंच टाकेल. तिने गॅस बंद केला, देवांवर कापड घातलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर जाऊन उभी राहिली.

"वारला कधी म्हणालास?"

"अठराशे वर्षं झाली असतील."

"वर्षानंतर कळलं तर नुसती आंघोळ पुरते म्हणतात," ती बोटं मोजत म्हणाली. "पण ते लांबच्या माणसाचं. आपण दहा दिवस धरू. तुला तर बायको गेल्यासारखं..." ती अडखळली, डोळ्यांना पदर लावला. "मला नाही कळत रे यातलं काही. मला वेळ लागेल. आज भातच टाकते, वरण-भात खाऊ."

मग तिने लेस्टरला फोन लावला. मी दारातच उभा. "नाही हो, रविवारी जमायचं नाही आता," ती म्हणत होती, आवाज शाळेतल्यासारखा खणखणीत. "आमच्याकडे सुतक आहे." पलीकडून विचारलं असणार, कोण गेलं? आईने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

"घरचंच माणूस," आई म्हणाली.