आमच्या घरचा सोलर गुरुवार

वीज हा माझा विषय आहे. चाकणच्या एका कंपनीत मी मेंटेनन्सला असल्यामुळे घरातला पंखा बंद पडला, की वायरमनला फोन करायचं काम माझ्याकडे असतं.

तर आमच्या मोशीतल्या घरावर सोलर बसलं आणि माझी जीभ गच्चीवर चढली! भावकीत साखरपुडा असला तरी मी नवरदेवाला बाजूला घेऊन कोळशावर बोलायचो. "आपण इथे एसी लावतो राव, पण राख कुठे पडते? वीज केंद्राशेजारच्या गरिबाच्या दारात! हा अन्याय आहे!" नवरदेव बिचारा अंगठी सावरत मान हलवायचा. शेवटी बायकोने, म्हणजे सुनंदाने, मला कार्यक्रमांना न्यायचं बंद केलं.

त्यात आईची पंच्याहत्तरी आली. तिची एकच इच्छा होती. "हार-बीर नगं. माज्या हातचं पुरण समद्यांनी एका पंगतीत खावं, येवढंच."

दिवस मी ठरवला. गुरुवार! आमच्या पट्ट्यात गुरुवारी कंपन्या बंद, म्हणून भावकी मोकळी. कंपन्या बंद म्हणूनच वीजवाले दुरुस्तीची कामंही गुरुवारीच काढतात. त्यामुळे शहाणी माणसं त्या दिवशी पिठाची गिरणीसुद्धा गाठत नाहीत.

"अहो, गुरुवारी लाईट जाते," सुनंदा म्हणाली.

"लोकांची जाते. आपल्याकडे ऊन आहे!"

त्या दिवशी ऊन खरंच भरपूर होतं. पाहुणे जमले, डाळ शिजली, गूळ पडला, आईने पुरणाचं मशीन सुरू केलं आणि लाईट गेली. मी नुसता हसलो. (ते हसू मामांनी पाहिलं. अजून विसरलेले नाहीत.) सगळे पंख्याकडे बघत बसले. पंखा फिरेना, मशीनही हलेना.

"वर येवढं ऊन पडलंय," आई म्हणाली, "मग ह्या काचा काय कबुतरांसाठी टाकल्यात का रं?"

मी सोलरवाल्याला फोन लावला.

"साहेब, लाईन गेली की सोलर आपोआप बंद होतं."

"अहो, पण ऊन आहे ना!"

"ऊन आहे, पण तिकडे खांबावर वायरमनही आहे. तुमची वीज उलटी लाईनीत गेली तर तो चिकटेल. बॅटरी घेतली असती तर घरापुरतं चाललं असतं."

(बॅटरीऐवजी मी दिव्यांची पाटी घेतली होती: 'हे घर सूर्यावर चालते'. तीही बंद होती.)

इकडे डाळ निवून घट्ट व्हायला लागली. आईचा चेहरा उतरला. मामा तडक उठले आणि मांडववाल्याकडून टेम्पोत डिझेलचा जनरेटर घेऊन आले.

"भाच्या, कुठं ठेवू?"

"मागे ठेवा! पुढे पाहुणे आहेत, धूर होईल."

मागे म्हणजे आमच्या भाडेकरूंच्या खोल्या. जनरेटर धडधडला, पंखे फिरले, मशीन सुरू झालं, भावकीने टाळ्या वाजवल्या! मी आभाराचे दोन शब्द बोलणार, तोच लातूरकडच्या गंगाबाई पदर नाकाला लावून दारात आल्या.

"दादा, समदा धूर आमच्या खोलीत यायलाय की! लेकरू खोकायलंय."

"ताई, थोडा वेळ सांभाळून घ्या."

"पंखा तुमचा फिरायलाय, आमाला नुसता धूर व्हय?"

आई पुरणाच्या हातानेच बाहेर आली.

"राख गरिबाच्या दारात पडती म्हनून गावभर कोकलत व्हतास न्हवं? मग ह्यो धूर कुनाच्या दारात सोडलास?"

"आई, पुढे पाहुणे..."

"पाहुनं तुजं, जनरेटर तुजा, धूर बी तूच खा! पुढं आन त्यो. न्हाईतर मी घास घेनार न्हाई."

मला लाज वाटली. अगदी कानशिलं तापेपर्यंत! मी आणि मामांनी जनरेटर ओढत पुढच्या दारात आणला, एक वायर भाडेकरूंच्या खोल्यांकडे सोडली. आईने गंगाबाईंना लेकरासकट शेजारी बसवलं आणि एका पंगतीत सगळे जेवले. सगळ्यांच्या एका हातात पोळी, दुसऱ्या हाताने नाकावर धरलेला रुमाल. आई मात्र अशी खुशीत होती, की तिला धूरही जाणवत नव्हता.

"पुरण झकास," मामा खोकत म्हणाले, "फक्त डिझेल जरा पुढं गेलंय."

पानं उचलून, गप्पा रंगून, दिवस कलल्यावर एकदाची लाईट आली. अख्खी भावकी माझं सोलर बघायला जिना चढून गच्चीवर आली. पश्चिमेकडे आभाळ लाल होऊन विझत होतं.

"आता तरी चालू व्हईल का रं?" आईने विचारलं.

"होईल की," मी म्हणालो. "उद्या सकाळी."