गजरकाकांचं चुकलेलं विमान

आमच्या बाबांचं खरं नाव वस्तीत फार थोड्यांना ठाऊक होतं. ते शाळेची व्हॅन चालवायचे आणि सगळे त्यांना गजरकाका म्हणायचे. सकाळी त्यांचा हॉर्न वाजला की ज्याच्या घरात शाळेत जाणारं मूल नाही तोसुद्धा अंथरुणात उठून बसायचा. समोरचा शिंपी तर उघड सांगायचा की आमचं घड्याळ केव्हाच बंद पडलंय, पण गजरकाका असताना दुरुस्तीला कोण टाकणार. बाबांना या सगळ्याचा अभिमान होता आणि तो त्यांना लपवता यायचा नाही. कुणी कौतुक केलं की ते उगीचच व्हॅनची स्वच्छ काच पुन्हा पुसायला घ्यायचे.

मी त्यांची थोरली मुलगी. माझ्या पाठीवर एक भाऊ, त्याला सगळे धाकटाच म्हणत. आम्ही दोघंही त्याच व्हॅनमधून शाळेत जायचो आणि तिथे आमची वेगळी काही वट नव्हती. उलट मला मागची, टायरवरची सीट. बाप ड्रायव्हर असून लेकीची हाडं खिळखिळी व्हायची.

बाबांचे नियम कडक होते, आणि त्यातला एक तर अगदी त्यांनी स्वतः शोधून काढलेला. शाळा सुटली की मुलांनी फाटकाच्या आत पायरीवर बसायचं असायचं. एकदा वरच्या वर्गातल्या दोन टारगट पोरांनी रस्त्यापलीकडून बाबांचा आवाज काढला, ‘चला रे’ म्हणून हाक मारली, आणि एक चिमुरडी सरळ रस्त्यात उतरली. ट्रकवाल्याने ब्रेक मारला म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवसापासून नियम झाला की आवाजावर यायचं नाही, काकांचं तोंड समोर दिसलं तरच जागचं हलायचं. नुसता नियम करून थांबतील तर ते बाबा कसले. ते भिंतीआड लपून हाका मारायचे, कधी लाडाने, कधी खेकसून, कधी गोळीचं आमिष दाखवून. जो उठला त्याची पुढची सीट गेली. मी तर दर दोन दिवसांनी उठायचे, कारण मला गोळी हवी असायची. धाकटा एकदाही उठला नाही. बालवाडीतलं एवढंसं पोर, पण पुढच्या सीटवर मांडी ठोकून बसलेलं असायचं.

आई तेव्हा परदेशात होती. एका मोठ्या इस्पितळात चादरी, पडदे, डॉक्टरांचे डगले धुऊन इस्त्री करण्याचं काम करायची. ती गेली तेव्हा धाकटा रांगत होता. त्याच्या लेखी आई म्हणजे फोनमधला आवाज आणि कपाटाच्या दारावर चिकटवलेला फोटो. फोन आला की तो विचारायचा, तू केवढी आहेस? आई म्हणायची, ये आणि मोजून बघ. सुट्टीत आम्ही तिघांनी तिच्याकडे जायचं ठरलंही होतं, पासपोर्ट हातात आले होते, बाबांनी बॅगेला नवं कुलूपसुद्धा आणलं होतं.

सुट्टी लागायच्या आधीच तिच्या खोलीत राहणाऱ्या बाईचा फोन आला. आईला साध्या तापाचं निमित्त झालं आणि दुखणं फुप्फुसांत उतरलं होतं. ती बाई बाबांना म्हणाली, “भाऊजी, मुलांना घेऊन निघा. ती धाकट्याला बघायचंय एवढंच म्हणतेय.” बाबांनी फोन ठेवला, व्हॅनची किल्ली शेजाऱ्याच्या हातात दिली आणि बॅगा भरायला घेतल्या. इस्पितळाने कागदपत्रं लवकर पाठवली. आम्ही निघालो, बाबा आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसत होते आणि त्यांच्या दोन्ही हातांना दोन पोरं होती.

वाटेत एका मोठ्या विमानतळावर विमान बदलायचं होतं. बाबांनी तिकिटावरची वेळ इतक्यांदा वाचली होती की मलाही पाठ झाली होती. तसा वेळ भरपूर होता. पण मला विमानात उलट्या सुरू झाल्या होत्या, आणि उतरल्यावर त्या विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर मी फ्रॉक, मोजे, बाबांची पँट, सगळं भरवून ठेवलं. येणारे-जाणारे वळसा घालून जाऊ लागले. बाबांनी धाकट्याला एका खांबाशेजारच्या बाकावर बसवलं, दोन्ही बाजूंना दोन बॅगा लावल्या, आणि व्हॅनमध्ये सांगायचे तसंच सांगितलं, की मी समोर दिसेपर्यंत हलायचं नाही आणि कुणाशी बोलायचं नाही. मग मला उचलून ते समोरच्या बाथरूममध्ये शिरले.

त्या बाथरूमला दोन दारं होती. एका दाराने आम्ही आत गेलो आणि फ्रॉक धुऊन, पिळून दुसऱ्या दाराने बाहेर आलो. बाहेर तसाच खांब, तसाच बाक, चॉकलेटचं तसंच दुकान. बाकावर मात्र एक म्हातारं जोडपं पेंगत होतं. धाकटा नाही, बॅगा नाहीत. त्यांनी त्या म्हाताऱ्याला गदागदा हलवून विचारलं, तो बिचारा घाबरून खिशातलं पाकीट पुढे करू लागला.

आपण उलट्या बाजूला बाहेर पडलोय हे आम्हाला कळायला हवं होतं, पण जीव घशाशी आल्यावर कुणाला काय कळतं? बाबा मला ओढत काउंटरवर गेले. तिथल्या बाईला आमची भाषा येईना, आम्हाला तिची येईना. बाबांनी हाताने उंची दाखवली आणि पाळण्यासारखे हात हलवले, तेव्हा ती उठली. तिने चार शिपायांना पाठवलं आणि बाबांच्या हातात माईक दिला. त्या सगळ्या दालनांतून माझ्या बापाचा आवाज घुमला. “बाळा, बाबा बोलतोय. जिथे असशील तिथून बाहेर ये. शिपाईकाका दिसले तर त्यांचा हात धर आणि ये.” लोकांनी माना वळवून पाहिलं. आम्ही वाट पाहिली. बाबा पुन्हा बोलले. तिसऱ्यांदा बोलायला त्यांनी माईक तोंडाशी नेला आणि ते मध्येच थांबले.

“तो येणार नाही,” ते मला म्हणाले. “मीच शिकवलंय त्याला.”

त्यांनी माईक तिथेच टाकला आणि माझा हात धरून धावत सुटले. काउंटरवरची बाई मागून हाका मारत राहिली. आता बाबा हाक मारतच नव्हते, नुसतं तोंड दाखवत पळत होते. प्रत्येक बाकासमोर थांबायचे, मान खाली घालून पाहायचे आणि पुढे जायचे. त्याच सुमाराला माईकवरून आमची नावं पुकारली जाऊ लागली. उच्चार वेडेवाकडे होते, पण बाबांच्या आणि माझ्या दोघांच्याही लक्षात आलं की ते आमच्या विमानाचं बोलावणं आहे. बाबांचं धावणं क्षणभर अडखळलं. मग ते पुन्हा धावू लागले.

धाकटा जिथे ठेवला होता तिथेच होता. फक्त शिपाई शोधायला आले तेव्हा त्याने बाकाखाली सरकून दोन्ही बॅगा पुढ्यात ओढून घेतल्या होत्या. बाबा गुडघ्यावर बसले आणि त्यांचं तोंड त्याला दिसलं, तेव्हा तो हसत बाहेर आला.

“मी हललो नाही,” तो म्हणाला. “तुम्ही माईकवरून बोलावलंत, तरी नाही.”

बाबांनी त्याला छातीशी धरलं. मग म्हणाले, “शाबास.”

विमान गेलं होतं. दुसरं दुसऱ्या दिवशी होतं. बाबांनी धाकट्याला बिस्किटं घेऊन दिली, त्याला सरकत्या जिन्यावरून वर-खाली फिरवलं, आणि चालता चालता सहज सांगावं तसं सांगितलं की विमान सकाळीच गेलं होतं, तुझ्या बाबानेच येड्यासारखं करून वेळ चुकीची वाचली. धाकट्याला ती मोठी गंमत वाटली. तो झोपल्यावर बाबांनी मला जवळ घेतलं आणि एवढंच म्हणाले, की कुणीही विचारलं तरी हेच सांगायचं. मी दहा वर्षांची होते. मला कळलं.

आम्ही इस्पितळात पोचलो तेव्हा आईच्या खोलीत राहणारी ती बाई दारातच उभी होती. तिला काही सांगावं लागलं नाही. आई त्याच सकाळी गेली होती. आदल्या दिवशी तिने या बाईकडून केस विंचरून घेतले होते, कारण मला असं बघून पोरगं घाबरेल म्हणाली होती. धाकट्याला चढता यावं म्हणून पलंगाचा कठडा खाली करून ठेवायला लावला होता. दाराशी कुणाचं पाऊल वाजलं की विचारायची, आले का? हे सगळं त्या बाईने आम्हाला रडत रडत सांगितलं, आणि मग डोळे पुसून बाबांना विचारलं की काल का आला नाहीत.

“वेळ चुकीची वाचली,” बाबा म्हणाले.

त्या बाईने त्यांच्याकडे जे पाहिलं, ते मी अजून विसरलेले नाही. मी धाकट्याचा हात घट्ट धरला आणि भिंतीकडे बघत राहिले. पांढऱ्या चादरीखाली झाकलेली आई त्याने पाहिली नाही. बाबांनीच पाहू दिली नाही.

परत आल्यावर सगळं खापर बाबांवर फुटलं, आणि फुटू द्यायलाच ते बसले होते. मामाने भर घरात विचारलं, ज्याला घड्याळ वाचता येत नाही त्याच्या गळ्यात माझी बहीण का बांधली? त्यानंतर त्याने आमच्या घराची पायरी चढली नाही. दोन-चार घरांनी आपली मुलं दुसऱ्या व्हॅनमध्ये घातली. लोक ‘गजरकाका’ म्हणायचे तेव्हा आता ओठांच्या कोपऱ्यात हसू असायचं. शिंप्याने घड्याळ दुरुस्त करून घेतलं. बाबा पूर्वीसारखेच अगदी वेळेवर हॉर्न वाजवत राहिले आणि तो ऐकून कुणी काही म्हणेनासं झालं. मला लोकांचा राग यायचा, मामाचा यायचा, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त बाबांचाच यायचा. इतकं मुकाट्याने कुणी पोटात घालतं का?

धाकट्याला मात्र विमानतळावरचं ते बसणं लख्ख आठवत होतं. आपली फुशारकी म्हणून तो ते मित्रांना रंगवून सांगायचा. आणि विमान बाबांमुळे चुकलं हेही त्याला पक्कं ठाऊक होतं. या दोन गोष्टी त्याच्या डोक्यात दोन वेगळ्या कप्प्यांत होत्या, आणि त्या एकत्र येऊ नयेत म्हणून बाबा आयुष्यभर डोळ्यांत तेल घालून राहिले.

धाकटा कॉलेजात असताना एकदा काहीतरी क्षुल्लक कारणावरून दोघांचं वाजलं. बोलता बोलता त्याचा तोल गेला. तो म्हणाला, “तुम्ही एकदा घड्याळ नीट पाहिलं असतं तर मला आई दिसली असती.” मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. आता बोलायचंच, असं ठरवून आले होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग त्याला म्हणाले, “हो रे. चुकलंच माझं.” तो दार आपटून निघून गेला.

मी बाबांना विचारलं, असं किती दिवस? ते खुर्चीत बसले.

“त्याने मी सांगितलं तेच केलं,” ते म्हणाले. “आता तू त्याला सांगितलंस तर तो पुन्हा त्या बाकाखाली जाऊन बसेल. तिथून त्याला बाहेर काढणं मला जमणार नाही.”

त्यानंतर मी ब्र काढला नाही. बाबा गेल्या महिन्यात गेले, झोपेतच. धाकटा धाय मोकलून रडला. अलीकडे त्याचं त्यांच्याशी बरं झालं होतं, स्वतःला मुलगी झाल्यावर माणूस जरा मवाळ होतो तसं.

परवा दुपारी आम्ही सगळे बाबांच्या खोलीत बसून कपडे आवरत होतो. धाकट्याची लेक त्याच्या मांडीवर होती, आणि तो तिला तिच्या आजोबांच्या व्हॅनच्या गोष्टी सांगत होता. सांगता सांगता तो विमानतळावर आला. खांब, बाक, दोन बॅगा, माईकवरून येणारा आजोबांचा आवाज. मी शर्टाची घडी घालत होते, ती मोडून पुन्हा घातली. “आणि तरी मी हललो नाही,” तो म्हणाला.

पोरीने मान वर केली. “मग विमान तुमच्यासाठी थांबलं?”

धाकटा बोलायला गेला आणि गप्प झाला. तो आपल्या हाताकडे बघू लागला, हिशेब चुकलेल्या माणसासारखा. मग त्याने हळूच माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांचा तो माणूस माझ्याकडे पाच वर्षांच्या डोळ्यांनी बघत होता.

“विमान सकाळीच गेलं होतं, बाळा,” मी म्हणाले. “तुझ्या आजोबांना मेलं घड्याळच कळायचं नाही.”

पोरगी खुदकन हसली. धाकट्याने सोडलेला श्वास मला ऐकू आला. “हो ना,” तो म्हणाला, आणि तिला पुढची गोष्ट सांगू लागला.