फ्रान्सला न पोचलेली मुलं

ती केस आठवली की आजही माझं डोकं तापतं. निवृत्तीनंतर मी मुलीकडे शारजाला, अल नहदात राहतो. तिची गाडी दुबईतल्या रास अल खोरच्या गोदामांवरून गेली की मी दारांवरची कुलपं बघत राहतो.

तेव्हा मी रत्नागिरीतल्या एका किनाऱ्यावरच्या ठाण्याचा प्रभारी होतो. मे महिना होता. एक बाई तक्रार घेऊन आली. तिचा मुलगा आणि गावातली आणखी दोन मुलं फ्रान्सला शेतीकामाला गेली होती. नेणारा एजंट गावचाच, दुबई मरीनात ऑफिस थाटलेला. त्याने घरोघरी मोबाइलवर उत्तर फ्रान्समधलं एक छोटं गाव दाखवलं होतं. बटाट्याची शेतं थेट समुद्राच्या कड्यापर्यंत, खाली मासेमारांच्या होड्या. आपल्याच गावासारखं वाटलं, म्हणून आयांनी पोरं सोडली. या हरामखोराने नेमकं तेच हेरलं होतं.

"फोन येतो, साहेब," बाई म्हणाली. "पण पढवल्यासारखा बोलतो. मी आजारी आहे सांगितलं, तरी म्हणतो, इथे थंडी छान आहे. व्हिडिओ कधीच लावत नाही."

"काही वेगळं बोलतो?"

"नमाज सोडली नाही, एवढंच समाधान. मगरिब पढूनच फोन करतो."

"फोन कधी येतो?"

"आमची इशा झाली की लगेच."

मी ताठ बसलो. मगरिब म्हणजे सूर्यास्ताची नमाज, इशा त्यानंतरची, रात्रीची. उन्हाळ्यात उत्तर फ्रान्सात सूर्य मावळतो तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटलेली असते. आपल्यामागून तासा-दीड तासात सूर्य मावळतो तो आखातात.

एजंट बहिणीच्या लग्नासाठी गावात आलेला होता. त्याला चौकशीला बोलावलं. अत्तर लावून, पायावर पाय टाकून बसला. "मुलं मजेत आहेत, साहेब. युरोप आहे, टेन्शन नको."

"मग आपल्या इशाच्या वेळी ती मगरिब पढतात, ती कुठल्या युरोपात?"

त्याचा पाय खाली आला. हा माणूस स्वतः पाच वेळचा नमाजी. मुलांच्या बोलण्यातला शब्द न् शब्द त्याने घोकवून घेतला होता, पण एवढं त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. तोंडातून निघालं, "खलास, साहेब." मुलं रास अल खोरच्या एका गोदामात होती. व्हिसा संपलेला, पासपोर्ट याच्या कपाटात. दिवसभर भाजीचे क्रेट उचलायचे आणि रात्री बाहेरून कुलूप. त्या उकाड्यात घाम पुसत आईला थंडीच्या गोष्टी सांगायच्या! मी हात खिशात घालून खोलीबाहेर गेलो, नाहीतर त्या दिवशी माझीच नोकरी गेली असती.

गुन्हा नोंदवला, वरिष्ठांमार्फत दूतावासाला कळवलं. तिथल्या पोलिसांनी कुलूप तोडलं. मुलं परत आली.

त्यानंतर काही दिवसांनी जमातीतले एक वडीलधारे ठाण्यात आले. "पोरं सुखरूप आली ना, साहेब? मग मिटवून टाका. गावाचं नाव जातं."

ती आई जबाबासाठी तिथेच बसली होती. मी भडकून उठणार, तोच ती शांतपणे म्हणाली, "चाचा, तुमचा नातू यंदा बारावी झाला ना? त्याला पाठवा त्या एजंटाबरोबर. मग मी केस मागे घेते."

चाचा उठून चालते झाले. पुढे सगळ्या नोकरीत मिटवामिटवीला कोणी आलं की मी पहिला प्रश्न हाच विचारला, "तुमच्या घरचं कोण अडकलंय यात?"